‘दुर्जन किन’ : एका खलनायकाचे दोन इतिहास

१/
‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) या चित्रपटाचा शेवट आरशांच्या दालनात घडतो. ब्रूस ली यांच्यासमोर शत्रू एकच आहे. त्याची प्रतिबिंबे मात्र असंख्य. त्या शत्रूचे नाव हान. त्याच्या एका हाताच्या जागी पोलादी नख्या बसवलेल्या आहेत. ही भूमिका करणारे नट तेव्हा साठ वर्षांचे होते. पडद्यावर दिसतो तो चेहरा त्यांचा. ऐकू येतो तो आवाज दुसऱ्याचा. त्यांचे नाव शेक किन. प्रस्तुत धागा त्यांच्याविषयी आहे, आणि खलनायक नेमका कोण घडवतो या प्रश्नाविषयीही.

२/
प्रथम नावाविषयी. ‘शेक किन’ हा कँटनी उच्चार. ‘एंटर द ड्रॅगन’च्या श्रेयनामावलीत हेच नाव मँडरिन वळणाने ‘शिह किएन’ असे येते. तेही पडद्यावरचेच नाव. मूळ नाव शेक विंग-च्यूंग. ‘शेक’ म्हणजे दगड आणि ‘किन’ म्हणजे दृढ, भक्कम. हाँगकाँगच्या प्रेक्षकांनी मात्र त्यांना आणखी एक नाव बहाल केले होते : ‘दुर्जन किन’. रस्त्यावरच्या माणसाने प्रेमाने आणि थोड्या धाकाने उच्चारावे, असे ते नाव होते.

३/
त्यांचा जन्म १ जानेवारी १९१३ रोजी झाला. चीनमध्ये प्रजासत्ताकाची स्थापना झाली त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष पूर्ण झाले होते. त्याच १९१३ साली तिकडे लंडनमध्ये सॅक्स रोमर या लेखकाची फू मांचू या पात्रावरील पहिली कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. फू मांचू हा असाधारण बुद्धीचा, क्रूर, पाश्चात्त्य जगाच्या नाशाचे बेत रचणारा चिनी डॉक्टर. एक हाडामांसाचा माणूस आणि एक कागदावरचा खलनायक एकाच वर्षी जगात आले. साठ वर्षांनी त्यांची गाठ पडायची होती.

४/
फू मांचूचा जन्म ज्या भयातून झाला, त्याला त्या काळी ‘पिवळे संकट’ म्हटले जाई. इतिहासाच्या दृष्टीने हे भय उलटे होते. एकोणिसाव्या शतकात तोफा लावलेल्या आगबोटी लंडनच्या बाजूने चीनकडे गेल्या होत्या. चिनी आरमार थेम्स नदीत कधी शिरले नव्हते. कादंबरीत मात्र आक्रमक चिनी आणि भयभीत लंडन. ज्याने घाव घातला, त्यालाच घावाची स्वप्ने पडू लागतात. साहित्यातले खलनायक पुष्कळदा अशा स्वप्नांतून येतात.

५/
आता ग्वांगदोंग प्रांताकडे वळू. शेक किन यांचे मूळ गाव याच प्रांतातील पान्यू परिसरातले. लहानपणी प्रकृती नाजूक होती, म्हणून ते युद्धकलेकडे वळले. जिंगवू या संस्थेच्या परंपरेत त्यांनी सुमारे नऊ वर्षे शिक्षण घेतले आणि प्रशिक्षक म्हणून मान्यता मिळवली. गरुडनख शैली आणि चॉय ली फुट या शैलींचा त्यांचा विशेष अभ्यास होता. पुढे पडद्यावर आयुष्यभर मार खाणारा हा माणूस मुळात उत्तम शिकलेला योद्धा होता.

६/
जिंगवू संस्थेचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. १९१० साली शांघायमध्ये स्थापन झालेल्या या संस्थेशी हुओ युआनजिया या प्रसिद्ध मल्लाचे नाव जोडलेले आहे. तोवर युद्धकला बहुतांशी घराण्यांत आणि गुरूंच्या खासगी आखाड्यांत बंदिस्त होती. जिंगवूने ती शहरी, सुशिक्षित मध्यमवर्गासाठी खुली केली. वेगवेगळ्या शैली एकाच छताखाली शिकवल्या जाऊ लागल्या. दुबळ्या ठरवल्या गेलेल्या राष्ट्राचे शरीर बळकट करावे, ही त्यामागची प्रेरणा होती.

७/
शेक किन चित्रपटात आले ते १९४०च्या सुमारास. काळ कठीण होता. १९३७ साली जपानने चीनवर पूर्ण आक्रमण केले होते, १९३८च्या ऑक्टोबरमध्ये ग्वांगचौ म्हणजे जुने कँटन शहर पडले, आणि २५ डिसेंबर १९४१ रोजी हाँगकाँगनेही शरणागती पत्करली. युद्ध संपले तेव्हा हाँगकाँगची लोकसंख्या सुमारे सहा लाखांवर आली होती. पुढच्या पाचसहा वर्षांत ती वीस लाखांच्या पलीकडे गेली. आधी घरी परतणारे आले. मग चीनमधल्या यादवी युद्धापासून पळणारे निर्वासित आले.

८/
१ ऑक्टोबर १९४९ रोजी बीजिंगमध्ये जनता प्रजासत्ताकाची घोषणा झाली. त्याच ऑक्टोबरात हाँगकाँगच्या चित्रपटगृहांत वू पांग दिग्दर्शित एक कँटनी चित्रपट झळकला. त्याचा नायक होता वाँग फेई-हुंग. हा ऐतिहासिक पुरुष : ग्वांगदोंगमधील वैद्य आणि युद्धकलेचा आचार्य, १९२०च्या दशकात निवर्तलेला. म्हणजे प्रेक्षकांतल्या वयस्करांच्या आठवणीतला माणूस. ही भूमिका क्वान टाक-हिंग यांनी केली आणि पुढे सत्तरहून अधिक चित्रपटांत तेच वाँग फेई-हुंग झाले. त्यांच्या समोर, पुन्हा पुन्हा, उभे राहिले शेक किन.

९/
या चित्रपटांपूर्वीही चिनी पडद्यावर लढाया होत्या. पण बऱ्याचशा अद्भुत. १९२८ साली शांघायमध्ये सुरू झालेल्या ‘रक्तकमळ मंदिरा’च्या चित्रपटमालेत योद्धे हवेत उडत, तळहातातून प्रकाशाचे झोत सोडत. अंधश्रद्धा पसरते या कारणास्तव १९३१ साली राष्ट्रवादी सरकारने अशा चित्रपटांवर बंदी घातली. वू पांग यांच्या मालिकेने निराळी वाट धरली. पाय जमिनीवर, आणि डावपेच खऱ्या शैलींतले. वाँग फेई-हुंग यांचे शिष्य लाम साय-विंग. लाम यांचे शिष्य लाऊ चाम. या लाऊ चाम यांनी या चित्रपटांत आपल्याच गुरूची भूमिका केली.

१०/
अशा चित्रपटात खलनायकाला लढता आले नाही, तर सारा डोलारा कोसळतो. नायक कितीही थोर असो. त्याचा ठोसा खरा वाटायचा तर तो झेलणाऱ्याचे शरीर शिकलेले असावे लागते. पाऊल कधी मागे घ्यायचे, तोल किती जाऊ द्यायचा, पराभव कुठल्या क्षणी चेहऱ्यावर उमटू द्यायचा, ही कामे खलनायकाची. जिंगवूतली वर्षे शेक किन यांच्या इथे उपयोगी पडली. नायकाचा मोठेपणा पडद्यावर सिद्ध होतो तो समोरच्याच्या कौशल्यावर.

११/
आणि मग ते हास्य. डोळे बारीक करून, मान किंचित मागे टाकून, घशातून गडगडत येणारे. हाँगकाँगच्या दोन पिढ्यांनी ते ऐकले आणि नकलले. पात्रांची नावे बदलत : कधी प्रतिस्पर्धी आखाड्याचा गुरू, कधी गावगुंड, कधी टोळीचा म्होरक्या. प्रेक्षकाला नावाशी कर्तव्य नव्हते. शेक किन पडद्यावर दिसले की अन्याय कुठून येणार हे कळत असे.

१२/
या मालिकेचा वेग आज अविश्वसनीय वाटतो. एकट्या १९५६ सालात वाँग फेई-हुंगवरचे पंचवीस चित्रपट तयार झाले. सरासरी पंधरवड्याला एक. तेच दोन चेहरे, तोच संघर्ष, तोच निकाल. आपल्याकडे दशावतारी खेळात राक्षस दर वर्षी मरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा आरोळी ठोकत येतो. प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो, तरी तो रात्रभर बसतो. या चित्रपटांचे नाते अशाच विधिवत् पाहण्याशी होते.

१३/
पण एक फरक लक्षणीय आहे. यातील अनेक चित्रपटांत खलनायक मरत नाही. वाँग फेई-हुंग त्याला हरवतो, समजावतो आणि क्षमा करतो. दुर्जन मान खाली घालतो, चूक कबूल करतो. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा संहार मागितला नाही; त्यांच्यातला दुष्टपणा जावा, इतकेच मागितले. कन्फ्यूशियसच्या नीतिविचारात वाढलेला हा नायकही शत्रूकडे बिघडलेला विद्यार्थी म्हणूनच पाहतो.

१४/
निर्वासितांनी भरलेल्या शहराला हे का रुचले असावे, याचा विचार करता येतो. एकाच चाळवजा इमारतीत वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या राजकीय बाजूंची कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. यादवी युद्धात शत्रू परका नव्हता. तो शेजारी होता, कधी भाऊ होता. अशा समाजात वैऱ्याला मारून प्रश्न सुटत नाही, कारण उद्या सकाळी त्याच जिन्यावर त्याची गाठ पडते. शेक किन यांचा खलनायक हा त्या जिन्यावरचा माणूस होता. त्याला सुधारावे लागे, कारण त्याच्याबरोबर जगायचे होते.

१५/
१९६०च्या दशकाअखेर हे जग मावळले. शॉ ब्रदर्ससारख्या बड्या संस्थांचे मँडरिन भाषेतील रंगीत, खर्चिक, रक्तरंजित चित्रपट पुढे आले. कँटनी ही हाँगकाँगच्या बहुसंख्य लोकांची बोली. तरीही १९७२ साली तिथे एकही कँटनी चित्रपट प्रदर्शित झाला नाही. ज्या भाषेत शेक किन तीन दशके हसले आणि धमकावत आले, ती भाषाच पडद्यावरून नाहीशी झाली होती. नेमक्या याच सुमारास हॉलिवूड त्यांच्या दाराशी आले.

१६/
१९७३च्या प्रारंभी ‘एंटर द ड्रॅगन’चे चित्रीकरण हाँगकाँगमध्ये सुरू झाले. दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउझ, पटकथा मायकल ॲलिन यांची. हान हे पात्र कुठून आले हे ओळखणे अवघड नाही. खासगी बेट, कृत्रिम हात, कडेवरची पांढरी मांजर : ही सामग्री जेम्स बाँडच्या चित्रपटांतली. ‘डॉक्टर नो’ (१९६२) याचा चिनी रक्ताचा, धातूच्या हातांचा खलनायक हा हानचा थोरला भाऊ, आणि त्या दोघांचा पूर्वज फू मांचू. १९१३ सालच्या त्या दोन जन्मांची गाठ इथे पडली.

१७/
हान अफूचा व्यापारी आहे, ही बाब इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष टिपून ठेवावी. चीनच्या किनाऱ्यावर अफूचा पूर आला तो भारतातून. बंगाल-बिहारची अफू कलकत्त्याहून जाई आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून. मुंबईतल्या कित्येक व्यापारी घराण्यांची संपत्ती या चिनी व्यापारात वाढली. चीनने अफू अडवली तेव्हा ब्रिटनने १८३९ साली युद्ध पुकारले, आणि १८४२च्या नानजिंग तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेले. म्हणजे ते शहरच अफूच्या युद्धातून मिळालेले.

१८/
त्याच हाँगकाँगमध्ये उभे राहून चित्रपट सांगतो की अफूचा राक्षस चिनी आहे, आणि त्याला पकडण्याचे काम एक ब्रिटिश अधिकारी नायकावर सोपवतो. कोणी मुद्दाम कट करून हे लिहिले असे मानण्याचे कारण नाही. साठ वर्षे वापरात असलेला साचा हाताशी होता. तो उचलला गेला. इतिहास उलटा करण्यासाठी दुष्ट हेतू लागतोच असे नाही. सवय पुरेशी असते.

१९/
आवाजाचे आता सांगायला हवे. हानचे इंग्रजी संवाद के ल्यूक या अमेरिकी-चिनी नटाने म्हटले. ल्यूक यांचा जन्म १९०४ साली ग्वांगचौमध्ये झाला. वाढले ते सिॲटलमध्ये. म्हणजे चेहरा आणि आवाज दोन्ही मुळात एकाच प्रांतातले, मधे फक्त पॅसिफिक महासागर. १९३०च्या दशकात चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराच्या चित्रपटांत ल्यूक त्याचा थोरला मुलगा होत. पडद्यावरचा बाप मात्र वॉर्नर ओलंड हा स्वीडनमध्ये जन्मलेला नट. याच ओलंड यांनी १९२९ साली फू मांचूही साकारला होता.

२०/
योगायोग इथे संपत नाही. १९४० साली ‘ग्रीन हॉर्नेट’ या चित्रपटमालिकेत नायकाचा आशियाई सहायक केटो याची भूमिका ल्यूक यांनी केली. १९६६ साली दूरचित्रवाणीवर तीच भूमिका ब्रूस ली यांच्याकडे आली. त्यामुळे आरशांच्या दालनातली झुंज अशीही पाहता येते : एका बाजूला दुसरा केटो, समोर जिंगवूत घडलेले शरीर, आणि त्या शरीरात पहिल्या केटोचा आवाज. आदल्याच वर्षी ‘फिस्ट ऑफ फ्युरी’त ब्रूस ली जिंगवूचे काल्पनिक शिष्य झाले होते, इथे त्यांच्यापुढे खरेखुरे जिंगवूचे शिष्य उभे होते.

२१/
चित्रपटावर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवले पाहिजे की त्यात नायकही चिनी आहे, आणि हॉलिवूडच्या दृष्टीने ही मोठी झेप होती. हान हा शाओलिनचा बंडखोर शिष्य असल्याचे कथानक सांगते. तिथे बिघडलेल्या विद्यार्थ्याची जुनी कल्पना क्षणभर डोकावते. पण शेवट जुना नाही. हान भाल्यावर विद्ध होऊन मरतो. त्याला समजावणारे कोणी नाही, क्षमेची वेळ येत नाही. वाँग फेई-हुंगचा शत्रू सुधारत असे, कारण तो आपल्यातला होता. हान कोणाच्याच घरातला नव्हता.

२२/
२० जुलै १९७३ रोजी ब्रूस ली यांचे निधन झाले आणि ऑगस्टमध्ये चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याने जग जिंकले. शेक किन मात्र हॉलिवूडच्या मागे गेले नाहीत. कँटनी भाषा पडद्यावर परतली, आणि त्यांना सर्वांत सखोल भूमिकांपैकी एक दूरचित्रवाणीने दिली. १९७८ साली जिन योंग यांच्या कादंबरीवरील मालिकेत ते झे शुन झाले : सूडाने वेडा होऊन निरपराधांना मारणारा, आंधळा झालेला आणि अखेर पापांचा भार स्वीकारून भिक्षू होणारा योद्धा. दुर्जनाचे परतणे पुन्हा त्यांच्याकडे आले, आणि तेही स्वतःच्या भाषेत.

२३/
दोन वर्षांनी जॅकी चॅन यांच्या ‘द यंग मास्टर’ (१९८०) मध्ये ते चक्क कायद्याच्या बाजूने, वयस्कर पोलीस अधिकारी म्हणून आले. वय सदुसष्ट. नायकाशी त्यांची झटापट आता विनोदी होती. ज्याला पाहून मुले घाबरत, त्याला पाहून मोठी झालेली तीच मुले खळखळून हसली. नट आणि प्रेक्षक एकत्र म्हातारे होण्याचे भाग्य फार थोड्या खलनायकांना लाभते.

२४/
३ जून २००९ रोजी, वयाच्या ९६व्या वर्षी, हाँगकाँगमध्ये शेक किन यांचे निधन झाले. जगभरच्या आठवणींत पुढे आला तो हान. तीन दशकांच्या कँटनी कामाची ओळख एका वाक्यात उरकली गेली. याचे एक कारण अगदी भौतिक आहे. ‘एंटर द ड्रॅगन’ची प्रत जपली गेली, २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत तिची निवडही झाली. त्या काळातले कित्येक कँटनी चित्रपट मात्र कायमचे हरवले आहेत. हाँगकाँगच्या चित्रपट संग्रहालयाची इमारत २००१ साली उघडली, तोवर उशीर झाला होता.

२५/
नायकांवर वाद घालायला आपल्या पिढीला आवडते. खलनायकाकडे मात्र प्रश्न न विचारता बोट दाखवले जाते. शेक किन यांची कारकीर्द काही प्रश्न हाती देते. हा दुष्ट कोणी लिहिला, कोणत्या प्रेक्षकासाठी? त्याला सुधारण्याची वाट ठेवली होती, की फक्त मरणाची? आणि तो बोलतो तेव्हा आवाज त्याचा असतो का? बखर असो, शिलालेख असो, वसाहतकालीन अहवाल असो; पराभूताचे बोलणे तिथे बहुधा जेत्याच्या तोंडूनच ऐकू येते.

२६/
उपलब्ध असलेल्या जुन्या वाँग फेई-हुंग चित्रपटांपैकी एखादा जरूर पाहावा. प्रत धूसर असेल, ध्वनी खरखरीत असेल, कँटनीतला एक शब्दही कळणार नाही. तरी मध्येच केव्हातरी एक माणूस डोळे बारीक करील, मान मागे टाकील आणि हसेल. त्या हास्याला भाषांतर लागत नाही, आणि ते उसनेही नाही.